इनबॉक्समधल्या कचऱ्याचे करायचे काय? ‘अनसबस्क्राइब’, ‘स्पॅम’ आणि ‘ब्लॉक’ यांतला फरक समजून घ्या

गेल्या महिन्यात बाबांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट काही केल्या येईना. लॅबमधली मुलगी दोनदा म्हणाली, ‘काका, मेल केलाय, बघा.’ बाबांनी दोनदा बघितले. काहीच नाही. आठवडा गेला. शेवटी एका रात्री बदलापूरला घरी पोहोचल्यावर मी त्यांचे जीमेल लॅपटॉपवर उघडले आणि कारण समजले. खात्यातली जागा संपली होती, त्यामुळे नवे मेल येणेच बंद झाले होते. न वाचलेल्या मेलचा आकडा होता १७ हजारांच्या पुढे.

खरे तर जागा मेलनी खाल्लीच नव्हती. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. बाबांच्या खात्यात सगळी जागा फोटो आणि बॅकअपने व्यापली होती. जागा संपत आल्याचे इशारे गूगलने कितीतरी वेळा पाठवले होते. पण ते इशारे आले होते मेलवर, आणि मेलचा ढिगारा बाबांनी केव्हाच वाचायचा सोडून दिला होता.

त्या ढिगाऱ्यात काय नव्हते? वांगणीतले फ्लॅट, पाच मिनिटांत कर्ज, विमा, साड्यांचा सेल, मोबाइलचे कव्हर. ताईच्या लग्नासाठी कधीकाळी एका विवाह संकेतस्थळावर नाव नोंदवले होते. तिच्या लग्नाला सात वर्षे झाली, पण तिच्यासाठी स्थळे अजून येत होती.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ज्यांच्याशी या विषयावर बोलले, त्यातल्या बहुतेकांची गत अशीच आहे. कुणाचा मुलाखतीचा मेल हरवतो, कुणाची ऑर्डर, कुणाची आयकराची नोटीस. ‘नको असलेले मेल’ म्हणजे नुसती कटकट नव्हे. कामाचा मेल त्यांच्यात दडपला जातो आणि चोराचा मेल त्यांच्यातूनच आत शिरतो. मग हा कचरा आवरायचा कसा?

आधी कचरा वेगळा करा

सकाळी घंटागाडी येते तेव्हा आपण ओला कचरा वेगळा देतो, सुका वेगळा, आणि फुटलेली ट्यूबलाइट किंवा वापरलेली सुई वेगळी. इनबॉक्सचेही तसेच आहे. सगळे नको असलेले मेल एका जातीचे नसतात. त्यांचे साधारण तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार म्हणजे ज्यांना आपणच कधीतरी पत्ता दिला ते. दुकान, बँक, तिकिटाचे ॲप, नोकरीचे पोर्टल, बिल्डर. हे खरे व्यावसायिक असतात, फक्त बोलायचे थांबत नाहीत.

दुसरा प्रकार म्हणजे ज्यांना आपण पत्ता कधीच दिला नाही ते. कुठूनतरी यादी विकत घेऊन लाखो लोकांना एकच मेल पाठवणारे.

तिसरा प्रकार म्हणजे चोर. बँक, आयकर खाते, कुरिअर कंपनी किंवा पोलीस असल्याचे भासवून पैसे, पासवर्ड किंवा ओटीपी काढून घेणारे. याला ‘फिशिंग’ म्हणतात.

जीमेलमध्ये या तिघांसाठी वेगवेगळी बटणे आहेत. आपली चूक इथेच होते. आपण सगळ्यांना एकच बटण लावतो, किंवा काहीच न करता पुढे सरकतो.

पहिला प्रकार : ‘अनसबस्क्राइब’ कधी दाबायचे?

मेल ओळखीच्या कंपनीकडून असेल आणि तुम्ही तिथे कधीतरी खरेदी किंवा नोंदणी केली असेल, तर ‘अनसबस्क्राइब’ हाच योग्य मार्ग. मेल उघडल्यावर पाठवणाऱ्याच्या नावाजवळ जीमेल स्वतःच हा पर्याय दाखवते. मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेली लिंक शोधण्यापेक्षा हे वरचे बटण बरे. जीमेलच्या डाव्या बाजूच्या तीन रेघांच्या मेन्यूत जुलै २०२५ पासून ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ हा पर्यायही मिळू लागला आहे. कोणती कंपनी किती मेल पाठवते, याची यादी तिथे एकत्र दिसते आणि तिथूनच एकेकाला बंद करता येते. तुमचा फोन मराठीत असेल तर बटणांची नावे मराठीत दिसतील, जागा त्याच.

‘पण दाबूनही मेल येतच राहतात,’ ही नेहमीची तक्रार. यात थोडा फरक पडला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेल खात्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्याला जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत बंद करण्याची सोय द्यावी लागते आणि दोन दिवसांत ती विनंती पाळावी लागते. त्यामुळे बटण दाबल्यावर दोन-तीन दिवस थांबा. त्यानंतरही मेल आले, तर मात्र निःसंकोच ‘स्पॅम’ दाबा.

इथे एक खबरदारी. बँकेच्या जाहिरातीला कंटाळून थेट ‘स्पॅम’ दाबू नका. ज्या पत्त्यावरून जाहिरात येते त्याच पत्त्यावरून तुमचे स्टेटमेंट येत असेल, तर तेही पुढच्या वेळी स्पॅममध्ये जाऊ शकते.

दुसरा प्रकार : अनोळखी मेलला ‘अनसबस्क्राइब’ का करू नये?

कारण तुम्ही उत्तर देता. यादी विकणाऱ्याकडे लाखो पत्ते असतात. त्यातले किती चालू आहेत, हे त्याला ठाऊक नसते. तुम्ही त्याच्या मेलमधली ‘मेल बंद करा’ ही लिंक दाबली की त्याला कळते, या पत्त्यावर माणूस आहे आणि तो मेल उघडतो. त्या पत्त्याची किंमत वाढते. शिवाय ती लिंक कुठे नेईल याचाही भरवसा नसतो.

म्हणून अशा मेलवर काहीही न दाबता वर उजवीकडच्या तीन टिंबांत जा आणि ‘रिपोर्ट स्पॅम’ निवडा. मेल स्पॅम फोल्डरमध्ये जातो आणि ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जीमेलची गाळणी तुमच्या या कृतीतून शिकते. आपले जीमेल दररोज सुमारे १५ अब्ज नको असलेले मेल अडवते, असे गूगलने २०२३ मध्ये सांगितले होते. म्हणजे आपल्याला जो कचरा दिसतो, तो गाळणीतून निसटलेला थोडासाच असतो.

मेल नुसता उघडल्यानेही तो वाचला गेल्याचे पाठवणाऱ्याला कळू शकते. मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारे एक बारीक चित्र ठेवलेले असते. ते तुमच्या फोनवर उमटले की तिकडे नोंद होते. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये तुमच्या खात्यावर जाऊन ‘इमेजेस’खाली ‘चित्रे दाखवण्याआधी विचारा’ हा पर्याय निवडला, की ही वाट बंद होते.

तिसरा प्रकार : चोराचा मेल ओळखायचा कसा?

उल्हासनगरबद्दल एक जुना विनोद सगळ्यांना माहीत आहे. वस्तूवर लिहिलेले ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’. विनोद बाजूला ठेवला तरी त्यातला धडा इथे उपयोगी आहे. लेबलवर काय लिहिले आहे आणि माल कुठून आला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मेलमध्ये पाठवणाऱ्याचे जे नाव ठळक दिसते, ते लेबल असते. तिथे कुणीही काहीही लिहू शकतो. ‘इन्कम टॅक्स डिपार्टमेंट’ लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. खरा पत्ता पाहण्यासाठी नावाखालच्या ‘टू मी’ या शब्दांवर किंवा शेजारच्या बाणावर दाबा. मग पत्त्याचा शेवट वाचा. पत्ता नेहमी शेवटाकडून वाचायचा. सरकारी खात्याचा मेल ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ने संपतो. सुरुवातीला ‘इन्कमटॅक्स’ असेल आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा भलतेच काही असेल, तर तो आयकर खात्याचा नाही.

बँकांच्या बाबतीत ओळख आता आणखी सोपी झाली आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना त्यांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा पत्ता फक्त नोंदणीकृत बँकांनाच मिळतो. मेलमधली लिंक दाबण्यापेक्षा हा पत्ता स्वतः टाइप करून किंवा बँकेच्या ॲपमधूनच व्यवहार करणे केव्हाही सुरक्षित.

दुसरी खूण म्हणजे घाई. ‘२४ तासांत केवायसी करा’, ‘आज रात्री खाते बंद होईल’, ‘पार्सल परत जाईल’, ‘तुमच्यावर गुन्हा दाखल आहे’. ई-पॅन डाउनलोड करायला सांगणाऱ्या बनावट मेलबद्दल पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागाने २०२५ मध्ये सावध केले होते. सीबीआय आणि गृहखात्याच्या सायबर विभागाच्या नावाने, शिक्का-सहीसह येणारी बनावट समन्सही अशीच फिरत असतात. कोणताही पोलीस विभाग मेलवरून ‘अटक’ करत नाही आणि प्रकरण मिटवण्यासाठी पैसे मागत नाही.

असा मेल आला तर उत्तर देऊ नका, जोडलेली फाइल उघडू नका. संगणकावर जीमेल उघडले असेल तर तीन टिंबांत ‘रिपोर्ट फिशिंग’ हा वेगळा पर्याय मिळतो. पैसे गेलेच, तर लाजेने किंवा भीतीने थांबू नका. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरची पोलीस ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात. तिथेही तक्रार देता येते.

मग ‘ब्लॉक’ कशासाठी?

‘ब्लॉक’ म्हणजे एका ठरावीक पत्त्याला दार बंद. त्या पत्त्याचे पुढचे मेल थेट स्पॅममध्ये जातात. एखादी ओळखीची व्यक्ती त्रास देत असेल, किंवा एखादा एजंट सांगूनही ऐकत नसेल, तर हे बटण कामाचे. चोरांविरुद्ध मात्र त्याचा फार उपयोग नाही. चोर रोज नवा पत्ता वापरतो. आज एक ब्लॉक केला, तर उद्या दुसरा येतो.

तुमचा मेल दुसऱ्याचा कचरा होतो तेव्हा…

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लघुउद्योजकाने मला त्यांचा अनुभव सांगितला. ‘कोटेशन पाठवलं, उत्तर नाही. पंधरा दिवसांनी फोन केला तर समोरचा म्हणतो, मेलच नाही आला. त्याच्या स्पॅममध्ये पडला होता. तोवर ऑर्डर दुसऱ्याला गेली.’

कंपनीचा स्वतःच्या नावाचा पत्ता असेल, म्हणजे ‘ॲट’च्या पुढे जीमेलऐवजी कंपनीचे नाव असेल, तर तीन तांत्रिक नोंदी नीट असाव्या लागतात. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. नावे अवघड आहेत, काम सोपे आहे. सोसायटीच्या वॉचमनकडे कोणत्या गाड्या आपल्या याची यादी असते, तशी एसपीएफ ही यादी: आमच्या नावाने मेल पाठवायचा अधिकार फक्त या सर्व्हरना. डीकेआयएम हे लिफाफ्यावरचे सील: वाटेत कुणी मजकूर बदललेला नाही. आणि डीमार्क म्हणजे वॉचमनला दिलेली सूचना: यादीत नाही, सीलही नाही, तर काय करायचे? आत सोडायचे, बाजूला ठेवायचे की परत पाठवायचे?

या नोंदी नसतील तर तुमच्या नावाने दुसऱ्या कुणालाही मेल पाठवणे सोपे जाते आणि तुमचा खरा मेलही संशयित ठरतो. वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसाला एवढेच विचारा, ‘आपल्या डोमेनला या तिन्ही नोंदी आहेत का?’ बहुतेक वेळा तासाभराचे काम असते.

उल्हासनगर कॅम्प नंबर ५ मधल्या एका जीन्स व्यापाऱ्याची कथा उलटी आहे. त्याने दहा हजार ‘रेडीमेड’ पत्त्यांची यादी विकत घेतली आणि सगळ्यांना कॅटलॉग पाठवला. ऑर्डर एकही आली नाही. पण इतक्या लोकांनी ‘स्पॅम’ दाबले, की त्याच्या नेहमीच्या ग्राहकांना जाणारी बिलेही स्पॅममध्ये पडू लागली. जीमेलच्या नियमानुसार मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्याविरुद्ध स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हवे. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारीही जास्त. विकत घेतलेल्या यादीवर हे जमणे कठीणच. यादी विकणारा तुमचे पैसे घेतो, तुमचे नाव मात्र तुम्हालाच गमवावे लागते.

एमआयडीसीतल्या त्याच उद्योजकाला एकदा कच्चा माल पुरवणाऱ्याच्या नावाने मेल आला: ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे या खात्यात पैसे भरा.’ पत्त्यात फक्त एक अक्षर जास्त होते. त्यांनी पैसे भरण्याआधी जुन्या ओळखीच्या नंबरवर फोन केला आणि वाचले. खाते बदलल्याचा मेल कुणाचाही असो, फोन केल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. आणि फोन त्या मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर करायचा.

आपला पत्ता बाहेर जातो कुठून?

बऱ्याचदा आपल्याच हाताने. बदलापूर-अंबरनाथमध्ये घर शोधणाऱ्याने एका रविवारी चार साइट बघितल्या, तर चार ठिकाणी फॉर्म भरतो. मग घर, कर्ज, फर्निचर, मॉड्युलर किचन या सगळ्यांचे मेल सुरू होतात. मॉलच्या बिलिंग काउंटरवर, लकी ड्रॉच्या डब्यात, क्लासच्या चौकशीत पत्ता असाच दिला जातो.

काही वेळा दोष आपला नसतो. कंपन्यांकडूनच माहिती फुटते. एअर इंडियाने मे २०२१ मध्ये जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटल्याचे जाहीर केले होते. अशा जाहीर झालेल्या गळत्यांमध्ये आपला पत्ता आहे का, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या मोफत संकेतस्थळावर तपासता येते. ट्रॉय हंट या सुरक्षातज्ज्ञाने ते २०१३ मध्ये सुरू केले. तिथे फक्त ईमेल पत्ता टाकायचा. पत्ता गळतीत सापडला तर त्या सेवेचा पासवर्ड बदलायचा.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दोन पत्ते. एक बँक, आयकर, शाळा, नोकरी आणि दवाखान्यासाठी. दुसरा दुकान, ऑफर आणि चौकशीच्या फॉर्मसाठी. दुसऱ्यात कितीही कचरा साचला तरी पहिला स्वच्छ राहतो.

जीमेलमध्ये आणखी एक युक्ती आहे. आपल्या नावानंतर अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडून पत्ता दिला, तरी मेल आपल्यालाच येतो. फर्निचरच्या दुकानात ‘नाव अधिक फर्निचर’ असा पत्ता दिला आणि उद्या त्याच पत्त्यावर कर्जाची जाहिरात आली, की पत्ता कुणी पुढे दिला हे कळते. काही संकेतस्थळे हे चिन्ह स्वीकारत नाहीत, तिथे दुसरा पत्ता वापरा.

एक गोंधळ आपल्याकडे खूप होतो. जीमेल पत्त्यातली टिंबे मोजत नाही. ‘एस डॉट पाटील’ आणि ‘एसपाटील’ हे जीमेलच्या लेखी एकच खाते. त्यामुळे तुमच्याच नावाच्या दुसऱ्या कुणी फॉर्मवर पत्ता चुकीचा लिहिला, तर त्याची पॉलिसी तुम्हाला येते. खाते हॅक झालेले नसते. असा मेल पैशांचा किंवा विम्याचा असेल, तर त्या कंपनीच्या अधिकृत ग्राहकसेवेला कळवणे हे माणुसकीचे.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा: तुमचे खाते कुणी उघडून दिले? आपल्याकडे अनेकांचे जीमेल मोबाइलच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत तयार झालेले असते. बारावीनंतर सीईटीचा फॉर्म भरताना माझेही तसेच झाले होते. खात्यात पासवर्ड परत मिळवण्यासाठीचा नंबर कॅफेवाल्याचा होता आणि ते मला चार वर्षांनी कळले. गूगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ विभागात हा नंबर दिसतो. तो तुमचाच आहे ना, आजच बघा.

एसएमएससाठी १९०९ आहे, मग ईमेलसाठी काय?

नको असलेल्या कॉल आणि एसएमएससाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे नियम आहेत. १९०९ वर नोंदणी करून ते थांबवता येतात. ईमेल मात्र या नियमांच्या कक्षेत येत नाही. अमेरिकेत २००३ चा ‘कॅन-स्पॅम’ कायदा आहे, त्यात ‘मेल बंद करा’ ही विनंती कामकाजाच्या १० दिवसांत पाळणे सक्तीचे आहे. भारतात ईमेल स्पॅमसाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

त्याच्या जवळपास जाणारी एक तरतूद होती, आणि ती कशी गेली याचा धागा आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ‘६६ अ’मधल्या ‘क’ उपकलमात त्रास देण्यासाठी किंवा पाठवणारा कोण याबद्दल फसवण्यासाठी केलेला ईमेल हा गुन्हा ठरवला होता. स्पॅमला लागू होऊ शकेल अशी ही भाषा होती. पण त्याच कलमाचे इतर शब्द इतके ढोबळ होते, की त्याचा वापर भलतीकडेच झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. त्या अटकेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने कलम ‘६६ अ’ संपूर्ण रद्द केले. अभिव्यक्ती स्वातंत्र्यासाठी तो निकाल मोठा होता. त्या कलमाबरोबर ईमेलविषयीचे उपकलमही गेले आणि त्याच्या जागी नवे काही आले नाही.

चोरांविरुद्धचा कायदा मात्र शाबूत आहे. कलम ‘६६ क’ ओळखचोरीसाठी आणि ‘६६ ड’ तोतयेगिरी करून फसवणुकीसाठी आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

कटकटीच्या जाहिरातींसाठी आता आशा आहे ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडून. संमती द्यायला जितके सोपे, तितकेच ती मागे घ्यायलाही सोपे असले पाहिजे, असे हा कायदा सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे त्या २०२७ च्या मध्याच्या सुमारास लागू होतील. तोपर्यंत झाडू आपल्याच हातात आहे.

रविवारचा एक तास

बाबांच्या खात्यावर आम्ही एका रविवारी जे केले, तेच तुम्हीही करू शकता.

१. आधी जागा मोकळी करा. गूगल वनच्या ‘स्टोरेज’ पानावर कशाने किती जागा व्यापली ते दिसते. मोठे व्हिडिओ आणि जुने बॅकअप आधी काढा.

२. ‘मॅनेज सबस्क्रिप्शन्स’ उघडा. सर्वाधिक मेल पाठवणारे पहिले दहा जण बंद करा. निम्मा ढिगारा इथेच हलतो.

३. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘अनसबस्क्राइब’ शब्द टाका. जाहिरातींचे बहुतेक मेल एकत्र समोर येतात. संगणकावर एकदम सगळे निवडून पुसता येतात. पुसण्याआधी तिकिटे, विम्याच्या पावत्या यांवर एक नजर टाका. चुकून काही गेले तरी ते ३० दिवस ‘बिन’मध्ये राहते.

४. स्पॅम फोल्डर उघडा. कामाचा मेल तिथे पडला असेल तर ‘नॉट स्पॅम’ दाबा. हे आठवड्यातून एकदा करायचे. नोकरी शोधणाऱ्यांनी रोज.

५. डॉक्टर, लॅब, सोसायटी, सीए यांचे पत्ते ‘कॉन्टॅक्ट्स’मध्ये जतन करा. त्यांचे मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता कमी होते.

६. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि परतीचा नंबर तपासा.

बाबांचा आकडा १७ हजारांवरून तीनशेवर यायला आम्हाला सव्वा तास लागला. त्याआधीच, जागा मोकळी झाल्यावर लॅबला फोन केला, रिपोर्ट पुन्हा पाठवायला सांगितला. दोन मिनिटांत आला. साखर वाढलेली होती. औषध आठवडाभर आधी सुरू करता आले असते, एवढेच डॉक्टर म्हणाले.

आता दर रविवारी चहा घेताना बाबा स्पॅम फोल्डर उघडतात आणि चष्मा लावून एकेक पत्ता शेवटाकडून वाचतात. परवा मला हाक मारून म्हणाले, ‘ताईसाठी स्थळं यायची थांबली बघ एकदाची.’